बायकोचं नाव घ्यायची शिकवणी

बोलणं गेलेल्या एका शिपायाला मी सबंध पावसाळाभर त्याच्या बायकोचं नाव घ्यायला शिकवत बसलो. ते नाव त्याने धडधाकट असतानासुद्धा कधी घेतलं नव्हतं आणि पुढे घेणारही नव्हता. ही गोष्ट वाडीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून शेळ्यांमागे फिरणाऱ्या पोरींपर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. मला नव्हती. मी मास्तर होतो.

लढाईचे दिवस होते. भोर संस्थानच्या शाळाखात्यात चिकटलो आणि माझी नेमणूक झाली ती विंझरच्या पुढच्या एका वाडीवर. शाळा म्हणजे देवळाची ओसरी. चारही इयत्ता एकाच सतरंजीवर, आणि त्या चौघींना मिळून मी एकटा. मी भोर गावातला, कचेरीत कारकुनी करणाऱ्यांच्या घरातला. शेत मी पाहिलं होतं ते रस्त्यावरून. लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे संसाराबद्दल जे काही ठाऊक होतं ते वाचनालयातल्या कादंबऱ्यांतून. आणि तोंड जन्मापासूनच सैल. समोरचा माणूस शिंकायला लागला तर त्याची शिंकसुद्धा मी पुरी करीन, असं आमचे वडील म्हणत.

तर हा शिपाई त्या वाडीतला. पलटणीत भरती होऊन बोटीने लांब कुठेतरी लढायला गेला, आणि तिथे गोळ्याचा एक तुकडा डाव्या कानाच्या वर लागला. जीव वाचला. पुण्याच्या एका लष्करी इस्पितळात पुष्कळ दिवस होता, मग घरी आला. चालायचा नीट. उजवा हात जरा मेल्यासारखा. लोक बोलत ते सगळं त्याला कळे. विनोद केला तर बरोबर जागी हसे. पण तोंडातून शब्द यायचा तो एकच. 'चला.' भूक लागली, चला. ऊन वाढलं, चला. आईला जवळ बसवून काहीतरी लांबलचक सांगायचा, हातवारे करायचा, डोळ्यांत पाणी आणायचा, आणि ते सगळं असायचं चला, चला, चला.

याच शब्दाने त्याचा घात केला. तो आल्याचं कळल्यावर त्याचा सासरा वेल्ह्याकडच्या आपल्या गावाहून त्याला बघायला आला. शिपाई आनंदाने उठला, हात धरून सासऱ्याला घोंगडीवर बसवायला गेला, आणि बसा म्हणायच्या जागी म्हणाला, "चला." सासरा उभाच राहिला. शिपायाने घाबरून आणखी दोनदा तेच म्हटलं. म्हाताऱ्याने पागोटं सारखं केलं आणि तो आल्या पावली परत गेला.

त्यानंतर निरोप आला. सासरा काही दुष्ट माणूस नव्हता. त्याचं म्हणणं एवढंच, की पोरगी तरणी आहे, पदरी मूल नाही. भावकीने बांध कोरला तर हा तोंड उघडून भांडणार आहे का? बैल घ्यायला बाजारात गेला तर काय बोलणार? भात निघालं, की मी दोन शहाणी माणसं घेऊन येतो. तोवर जावई बोलता झाला तर ठीक, नाहीतर सोडचिठ्ठी करून पोरीला घेऊन जातो. त्यांच्यात सोडचिठ्ठीनंतर दुसरा पाट लावायची रीत होती, तेव्हा ही नुसती धमकी नव्हती. मुलगी मात्र जायला तयार नव्हती. तिने सासूला सांगितलं होतं, आणि सासूने सगळ्या वाडीला.

इस्पितळातून सोडताना त्यांना एवढंच सांगितलं होतं, की रोज कुणीतरी याच्याशी बसून बोलत जा आणि पावसाळा सरला की दाखवायला आणा. शिपायाच्या आईने विचार केला, बोलायला शिकवायचं म्हणजे हे शाळेचं काम. ती सरळ ओसरीवर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, मास्तर, माझा ल्योक पयलीत घाला.

मी घातला. खरंच घातला. पाटी पेन्सिल दिली आणि अ, आ म्हणायला लावलं. तो माणूस चार बुकं शिकलेला, बंदूक खोलून परत जोडणारा. त्याने थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि पाटी ओसरीच्या खाली भिरकावली. मला वाटलं, ऐकू कमी येत असेल. मग मी ओरडून अ, आ म्हणू लागलो. देवळासमोरच्या पारावर बसलेली माणसं उठून घरी गेली.

एकदा गोठ्यात बैलाने त्याच्या पायावर पाय दिला. तेव्हा त्याने बैलाच्या आईचा असा स्वच्छ, घसघशीत उद्धार केला, की एकेक अक्षर मोत्यासारखं. त्याची आई आनंदाने रडायलाच लागली. शेजारणीला बोलावून म्हणाली, आगं शिवी दिली गं माझ्या लेकानं. मी मात्र कपाळाला आठ्या घालून जाहीर केलं, की हा सोंग करतो आहे. ज्याला शिवी येते त्याला पाणी का मागता येऊ नये? या माझ्या निदानावर त्या माउलीने मला चूल पेटती असतानाही चहा विचारला नाही. बरं केलं.

मग मला ती नामी कल्पना सुचली. म्हटलं, सगळं भांडण बायकोवरून आहे. सासऱ्यासमोर याने बायकोला तिच्या नावाने एक हाक मारली, की म्हातारा विरघळेल, मुलगी पदराने डोळे पुसेल, आणि कादंबरीच्या शेवटच्या पानावर होतं तसं सगळं गोड होईल. नाव तीन अक्षरी होतं. मी इथे घेत नाही, एवढी अक्कल आता आली आहे. शाळा सुटली की शिपायाला समोर बसवायचं आणि ते नाव एकेक अक्षर सोडवून म्हणायला लावायचं. मी पहिलं अक्षर म्हणे. तो लालबुंद होई. मी दुसरं म्हणे. त्याच्या कपाळावर घाम फुटे, मान खाली जाई. मला वाटे, किती कष्ट घेतो आहे बिचारा. त्याला दम म्हणून मी ते नाव आणखी मोठ्याने म्हणे. देवळाच्या ओसरीवरून एका परपुरुषाच्या तोंडून त्याच्या बायकोचं नाव रोज संध्याकाळी अख्ख्या वाडीला ऐकू जात होतं. ती बिचारी पाणवठ्याची वाट बदलून लांबून जाऊ लागली. मला वाटलं, अलीकडची वाट चिखलाची झाली असेल.

पाऊस सरत आला, भात पोटरीला आलं, तेव्हा दाखवायला न्यायची वेळ झाली. शिपाई, त्याची बायको, आणि 'बोलायचं काम पडंल म्हून' मी. बैलगाडीने नसरापूरपर्यंत, तिथून सर्व्हिस मोटारीने कात्रजचा घाट उतरून पुणं. वाटेत मी मोटारवाल्याला पलटणीची, लढाईची, डोक्याच्या जखमेची सगळी हकिगत सांगितली. नवराबायको गप्प बसून बाहेर बघत होती.

इस्पितळात एक बाई भेटल्या. डोक्याला मार लागून ज्यांची वाचा गेली, ज्यांना धड गिळता येईना, अशा शिपायांना बोलायला आणि घास घ्यायला शिकवणं हे त्यांचं काम. त्या कामाला म्हणतात काय, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, आणि असं काही काम असतं हेही नव्हतं. मध्यम वयाच्या, पांढऱ्या सुती पातळातल्या, चष्मा नाकावर खाली आलेला. आम्ही गेलो तेव्हा त्या एका शिपायाला घट्ट पेज चमच्याने भरवत होत्या आणि प्रत्येक घासाला त्याच्या गळ्याकडे बघत होत्या. घास खाली उतरला, की मगच दुसरा. त्या शिपायाला पाण्याचा ठसका लागतो पण घट्ट पेज जाते, असं त्यांनी शेजारच्या नर्सला सांगितलेलं मी ऐकलं. एवढ्या सावकाशीने कुणी कुणाला जेवू घालताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

आमच्या शिपायाला त्यांनी ओळखलं. त्याचा चेहरा असा खुलला, की मला थोडा मत्सरच वाटला. त्यांनी विचारलं, कसं काय? त्याने तोंड उघडलं, आणि मी सांगू लागलो, की तब्येत चांगली आहे, भूक लागते, झोप मात्र—

"मास्तर," बाई म्हणाल्या, "दुखणं तुम्हाला आहे का यांना?"

त्यांनी परत त्याच्याकडे पाहिलं आणि वाट बघत बसल्या. ती वाट बघणं मला अजून दिसतं. हातात काही नाही, चेहऱ्यावर घाई नाही. जगात दुसरं कसलंच काम नसल्यासारख्या बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने त्याच्या तोंडून आलं, "ब… बरं." माझ्या ओसरीवर सबंध पावसाळ्यात जे आलं नव्हतं ते.

मग मी माझी कर्तबगारी सांगितली. पाटी भिरकावल्याचं वगळून. शिवीचं सांगितलं तेव्हा बाई हसल्या आणि म्हणाल्या, तो सोंग करत नाही. शिव्या, देवाची नावं, आकडे मोजणं, हे तोंडात आपोआप येतं, मुद्दाम काढावं लागत नाही. मुद्दाम शब्द काढायची वाट तेवढी दुखावली आहे. त्याला सगळं समजतं, तेव्हा ओरडू नका आणि लहान मुलाशी बोलावं तसं बोलू नका. मग मी त्या नावाचं सांगितलं, अगदी ऐटीत.

बाईंनी शिपायाच्या बायकोकडे पाहिलं. ती भिंतीला चिकटून, पदर पुढे ओढून उभी.

"घरात हे तुला काय म्हणून हाक मारतात गं?"

ती खाली बघत म्हणाली, "नाव न्हाई घेत बाई आमच्यात. सासूसासऱ्याम्होरं तर न्हाईच."

"मग काय म्हणतात?"

"काय न्हाई. भाकरी पायजे आसली की 'आण की' म्हंत्यात. येवडंच."

एवढं म्हणताना ती हसली, आणि शिपाईही हसला. मला तेव्हा उमगलं, की ओसरीवरचा तो लाल रंग आणि तो घाम कष्टाचा नव्हता. भर वाडीत माणूस लाजेने जमिनीत जात होता, आणि मी त्याला आणखी खोल ढकलत होतो.

बाईंनी चष्मा वर केला आणि माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, तुम्ही यांना जे म्हणायला लावलंत, ते यांना गोळ्याचा तुकडा लागला नसता तरी हे म्हणाले नसते."

रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नव्याने सांगायला सुरुवात केली, तिघांनाही, पण बोलत होत्या मुख्यतः त्या मुलीशी. रोज जेवायला बसवायचं. एकदम सगळं वाढायचं नाही. भाकरी हातात घेऊन दारात उभं राहायचं आणि त्यांच्याकडे बघायचं. थांबायचं. शब्द आला तर आला. नाही आला तर मुकाट्याने वाढायचं. शब्दासाठी माणसाला उपाशी ठेवायचं नाही. पुष्कळ दिवस काहीच येणार नाही, तरी थांबणं सोडायचं नाही. जे शब्द हे रोज उठून वापरत होते तेच आधी परत येतील. सासरे केव्हा येणार आहेत तेही त्यांनी विचारून घेतलं, आणि बोलता होईल असं वचन दिलं नाही. प्रयत्न करू, म्हणाल्या.

मग माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, घरच्यांसमोर आलेला शब्द परक्या माणसासमोर पळून जातो. म्हणून तुम्ही रोज त्यांच्या जेवणाच्या वेळी जाऊन समोर बसा. परका माणूस म्हणून. मी म्हटलं, बसतो, आणि काय शिकवू?

"काही नाही. तुम्ही बोलायचं नाही. त्यांचा शब्द अडला तरी तो तुम्ही पुरा करायचा नाही. जमेल?"

मी जमेल म्हणालो. ते त्यांनाही खरं वाटलं नाही आणि मलाही.

आजपर्यंत मी अनेक परीक्षा दिल्या, काही पासही झालो. त्या घरातल्या ओटीवर पाटावर बसून गप्प राहण्याइतकी अवघड एकही नव्हती. शिपाई ताटावर बसे. ती भाकरी घेऊन दाराशी येई आणि थांबे. त्याच्या गळ्याची शीर फुगे, ओठ हलत, आणि माझ्या तोंडून निघे, "आण की!" ती कपाळाला हात लावी. त्याची म्हातारी आई चुलीमागून म्हणे, त्याला न्हाई गं, मास्तरास्नीच भूक लागलीया. दुसऱ्या दिवशी मी जीभ चावून बसे; 'आण'पर्यंत धीर धरी आणि 'की' माझ्या तोंडून पडे. तरी त्यांनी मला येऊ नको म्हटलं नाही. उलट नाचणीची भाकरी आणि हुलग्याचं कालवण माझ्याही पुढे येई. बोलून नुकसान करणाऱ्या माणसाला इतकं प्रेमाने जेवू घालणारं घर मी दुसरं पाहिलं नाही.

भाताला लोंब्या धरल्या त्या सुमारास एका संध्याकाळी ती भाकरी घेऊन उभी राहिली. तो तिच्याकडे बघत राहिला. मला भाग्याने त्याच क्षणी ठसका लागला होता. तो म्हणाला, "चला… आ… आण." ती जागची हलली नाही. "आण की," तो म्हणाला. तिने भाकरी ताटात ठेवली आणि आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. म्हातारीने तव्यावरची भाकरी करपू दिली. मी तेवढ्यात काहीतरी बोललोच, काय ते आठवत नाही. कुणी ऐकलं नाही हे आठवतं.

पुढे कधी यायचा शब्द, कधी दोन दिवस पाठ फिरवायचा. 'पाणी' आलं. 'बस' आलं. 'नको' फार लवकर आलं. 'चला' मधेमधे घुसतच राहिला. दिवसभर मी शाळेत पोरांना प्रश्न विचारी, आणि उत्तर अडलं की मला त्या बाई दिसत. मग मी थांबून बघू लागलो. ज्या पोरांना मी ठोंब्या म्हणून मागच्या रांगेत बसवलं होतं, त्यांतल्या कित्येकांना उत्तर येत होतं. माझा दम कमी पडत होता. पुढे इतकी वर्षं मास्तरकी केली, त्यात कुणी मला बरा मास्तर म्हटलं असेल तर त्यातलं निम्मं श्रेय त्या बाईंचं. त्यांना हे कधी सांगता आलं नाही. नंतर एकदा आंबेमोहोराची लहानशी पिशवी घेऊन गेलो, तर त्यांची बदली झालेली होती, कुठे ते इस्पितळात कुणी सांगू शकलं नाही. तांदूळ मी तिथल्या नर्सच्या हवाली केला आणि परत आलो. पेज करायला उपयोगी पडला असेल.

भात झोडून झालं आणि सासरा आला. गाडीत आणखी दोन पागोटी. बैल जुंपलेलेच ठेवले, म्हणजे बेत लगेच निघायचा. ओटीवर घोंगडी टाकली होती. म्हातारी पाण्याचा तांब्या घेऊन पुढे झाली, तर सासरा म्हणाला, आधी बोलणं, मग पाणी. मी माझ्या नेहमीच्या कोपऱ्यात. येताना मी एक शहाणपणा केला होता. सुपारीची मोठमोठी खांडं दोन्ही गालांत भरून आलो होतो, म्हणजे बोलू म्हटलं तरी बोलता येऊ नये.

सासऱ्याने जावयाकडे तोंड केलं. सूर कडक नव्हता. "जावय, तुमीच सांगा. माज्या लेकीला हितं ठिवू, का घिऊन जाऊ?"

शिपाई ताठ बसला. शीर फुगली. ओठ हलले. मला याची दहा उत्तरं येत होती. मी सुपारी चावली. वेळ चालला. दोन पागोट्यांपैकी एक खाकरलं. मग शिपायाच्या तोंडून आलं, "चला."

सासऱ्याने गुडघ्यावर हात टेकला आणि तो उठू लागला. मीही अर्धा उठलो. एवढ्यात आतल्या दारातून शिपायाच्या बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी खाली बसलो.

ती सासूच्या हातातला पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. पदर पुढे, तांब्या दोन्ही हातांत. रोज भाकरी घेऊन उभी राही तशी. बापाकडे नाही, नवऱ्याकडे बघत होती, आणि थांबली होती. सासरा ना उठलेला ना बसलेला, तसाच अवघडून राहिला. बाहेर बैलांच्या गळ्यातल्या घंटा तेवढ्या वाजत होत्या. सुपारीचं पाणी माझ्या डोळ्यांतून निघायला लागलं, तरी मी गिळलं नाही.

"आण," शिपाई म्हणाला. "आण की." मग श्वास घेतला. "पानी."

ती पाऊल टाकणार होती. त्याने डावा हात वर केला, थांब म्हणून. सासऱ्याकडे बघितलं, आणि जो शब्द त्याला कुणी शिकवला नव्हता, मी नाही, बाईंनी नाही, तो त्याने स्वतः शोधून काढला.

"आबास्नी," तो म्हणाला. "आबास्नी दे."

आबा घोंगडीवर बसले. लेकीच्या हातातून तांब्या घेतला, वरून घटाघटा पाणी प्यायले, मिशा पुसल्या. तांब्या खाली ठेवायला त्यांना जरा वेळ लागला. मग बाहेर बघून म्हणाले, "बैल सोडा रं. जेवून जाऊ." आत म्हातारीने मोठ्याने नाक ओढलं आणि लगेच चुलीवर भांडं आदळलं.

तेव्हा कुठे आबांची नजर कोपऱ्यात माझ्यावर गेली. गाल फुगलेले, डोळे लाल, तोंड घट्ट मिटलेलं. त्यांनी काळजीने विहिणीला विचारलं, "आन् ह्ये कोन? ह्यांची बी वाचा गेलीया काय?"

म्हातारी ताटं मांडता मांडता म्हणाली, "मास्तर हाईत शाळंचं. येवड्या दिसांत आजच गप बसल्यात. त्यास्नी कंठ फुटायच्या आत जेवून घ्या."